मेट्रनची मागायची शाळा

आमच्या नारायण पेठेत कुणाच्या दारात काही मागायला जायची पद्धत नाही. साखर संपली तर माणूस त्या दिवशी बिनसाखरेचा चहा पितो आणि वर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ठोकून देतो. त्यामुळे एका सकाळी दारात उभा असलेला अनोळखी मुलगा "बाई, तुमचा पाटा-वरवंटा थोडा वेळ द्याल का?" असं म्हणाला, तेव्हा मला तो मिक्सर विकणाऱ्या कंपनीचा माणूस वाटला.

"पाटा नेणार कसा?" मी विचारलं.

"नेणार नाही. इथेच चटणी वाटतो."

"आणि खोबरं, मिरच्या?"

"ते पण तुम्हीच द्या."

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो शिडी मागायला आला. तिसऱ्या दिवशी त्याने काहीच मागितलं नाही, फक्त "जरा बसू का?" म्हणाला, आणि मी देवपूजेत असल्याची संधी साधून आमच्या यजमानांनी त्याला आत घेतलं. मी बाहेर आले तर दोघे क्रिकेटवर बोलत माझा चिवडा खात बसलेले. कुठला रे तू, असं दरडावून विचारल्यावर कळलं की मुलगा नागालँडचा, मिशनरी म्हणून महाराष्ट्रात आलेला. विश्रांतवाडीच्या एका संस्थेत त्याचं प्रशिक्षण चाललं होतं, आणि अनोळखी घरी जाऊन काहीतरी मागून यायचं हा त्याचा गृहपाठ होता. "मेट्रननी दिला," तो म्हणाला.

मी शाळेत सगळी हयात मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. खडसावणं हा माझा धंदाच. रिक्षा केली आणि तडक विश्रांतवाडी गाठली.

मेट्रन स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बुटका, भक्कम बांधा, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मिशनच्या दवाखान्यातली नोकरी संपून जमाना लोटला तरी खांद्यापाशी पिनेने अडकवलेलं नर्सचं घड्याळ. माझं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्येच एकदा "तो तांब्या द्या हो जरा" म्हणाल्या, मी दिला. मग "ती चाळण", मी दिली. मग "हे एवढं सूप धरता का", मी धरलं. बोलून थकले तेव्हा माझ्या हातात सूप होतं आणि समोर त्यांनी मुलांकरवी ठेवलेला चहा होता.

"भांडता छान," त्या म्हणाल्या. "शब्द कसे सुटे सुटे पडतात तुमचे. आमच्या पोरांना मराठी शिकवाल का?"

मी हो का म्हणाले हे मला आजही सांगता येत नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा यजमान नुसते हसले. पेठेत मात्र चर्चा झाली. समोरच्या काकूंनी "काय, बाटायला निघालात का या वयात?" असं विचारून घेतलं. मी ते मेट्रनना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या गणपतीचं बघा, मी माझ्या येशूचं बघते. आपण दोघी मिळून या पोरांच्या 'ळ'चं बघू."

मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दाढीवाला गोरा साहेब यायचा. तिथे एकही साहेब नव्हता. नागालँड, मिझोरम, केरळची पोरं-पोरी, कुणी नर्स, कुणी शिक्षक, कुणी वसतिगृह सांभाळणारं, आणि सगळी निघाली होती सातपुड्याच्या पाड्यांवर. बायबल ती सेमिनरीत शिकून आली होती. मेट्रन त्याला हातच लावत नसत. "शुभवर्तमान विचारल्यावर सांगायचं. न विचारता सांगितलेलं पुण्यात कुणी ऐकत नाही, डोंगरात कोण ऐकणार?" असं म्हणून त्या पोरांना भाकरी थापायला, सायकलचं पंक्चर काढायला आणि विंचू चावला तर काय करायचं ते शिकवत. आणि मागायला शिकवत.

त्यांचा नियम असा होता की कामाच्या गावी गेल्यावर पहिलं वर्ष घ्यायचं, द्यायचं नाही. दवाखान्यात, शाळेत द्यायचं ते द्या, ती नोकरी आहे. पण बाहेर पडलं की मागायचं. पाणी मागा, विळा मागा, भाकरी कशी करतात ते विचारा, चुकलात तर हसू द्या. ऐकणाऱ्याला हे वेड वाटे. मलाही वाटलं. धर्माच्या कामाला निघालेल्या माणसाने दानधर्म करायचा की भीक मागायची, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं.

तेव्हा त्यांनी एकदाच, तांदूळ निवडता निवडता, आपली गोष्ट सांगितली. नर्सिंग करून त्या तरुणपणी अशाच एका डोंगरी गावात गेल्या होत्या. दूध पावडर वाटली, कपडे वाटले, रात्रीबेरात्री बाळंतपणं केली. मग स्वतः विषमज्वराने पडल्या. चार भिंतींत तापाने फणफणत होत्या आणि गावातलं कुणी फिरकलं नाही. बऱ्या झाल्यावर शेजारणीला विचारलं, अगं, साधी विचारपूसही नाही? ती बिचारी खरोखर गोंधळली. म्हणाली, बाई, तुमच्याकडे तर सगळंच असतं, आम्ही काय आणणार होतो?

"मला त्यांची काही गरज आहे हे मी त्यांना कधी दिसूच दिलं नव्हतं," मेट्रन म्हणाल्या. "माझी चूक होती ती. त्यांची नाही." मग मला पुढचं सूप भरून दिलं.

स्वतः त्या मागण्यात इतक्या तरबेज झाल्या होत्या की त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं ही शिक्षा होती. पाण्याच्या टँकरला हात करून त्या खडकीला गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाचा डबा उघडायला लावून त्यातली कारल्याची भाजी चाखून "गूळ जास्त झालाय" म्हणाल्या, आणि तो माणूस पुढे कित्येक वर्षं नाताळला संस्थेत केक खायला येत राहिला. आमच्या गणपतीत आल्या आणि पोरांसाठी मोदक हवेत म्हणाल्या. पण प्रसादाचे नकोत, कारण पोरांत दोघे-तिघे धर्माच्या बाबतीत कडक होते, नैवेद्याआधीचे द्या.

"आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी हात लावत नाही," मी ताडकन म्हणाले.

"मग वेगळा घाणा करा," त्या म्हणाल्या आणि पाट ओढून माझ्याशेजारी पारी करायला बसल्या. पारी बिघडत होती, तोंड चालू होतं. दर वर्षी वेगळा घाणा करायचा हे तेव्हापासून ठरूनच गेलं. त्या गेल्या त्या वर्षीही मी सवयीने तो केला आणि मग एकटीच स्वयंपाकघरात रडले.

संस्थेच्या सचिवांना हे मागणं-बिगणं अजिबात पटत नसे. भला माणूस, हौशी, सगळं वेळेवर करणारा. त्यांनी एकदा मोठ्या खटपटीने जाणाऱ्या प्रत्येकासाठी साहित्याची पेटी तयार करून आणली. मेट्रननी ती सर्वांसमोर उघडली. पाण्याचा फिल्टर, ठेवला. बॅटरी, मच्छरदाणी, औषधं, ठेवली. "विंचवाला आणि जुलाबाला माझा नियम लागू नाही," म्हणाल्या. तळाशी घडीची खुर्ची होती, छान, हलकी, निळी. ती त्यांनी बाहेर काढून सचिवांच्या हातात परत दिली.

"स्वतःची खुर्ची घेऊन आलेल्याला 'बसा' कोण म्हणणार, साहेब?"

सचिव त्या दिवसापासून जरा बिचकून असत. पण रिनीच्या वेळी त्यांनीही हट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर बाजू त्यांची होती असं मलाही वाटत होतं.

रिनी मिझोरमची. इतकी हुशार नर्स त्या घरात दुसरी आली नाही. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्या प्रयत्नात सुई लावायची. माझं मराठी व्याकरण तिने असं उचललं की मला शिकवायला लाज वाटावी. फक्त तिला मागता येत नव्हतं. त्या घरातली शेवटची परीक्षा अशी होती की पैसे न घेता बाहेर पडायचं, कुण्या अनोळखी घरी जेवून यायचं, आणि ज्यांनी जेवू घातलं ते पुढच्या रविवारी आपण होऊन संस्थेत जेवायला आले पाहिजेत. ते आले की पास.

पहिल्यांदा रिनी जवळच्याच एका घरी जेवली. पण जेवणाआधी तिने तिथल्या आजींच्या पायाची जखम धुऊन पट्टी केली आणि जेवणानंतर सगळी भांडी घासली. रविवारी त्या घरून कुणी आलं नाही. निरोप आला, नर्सबाईंना पुन्हा पाठवा, पट्टी बदलायचीय.

"जेवण विकत घेऊन आलीस तू," मेट्रन तिला म्हणाल्या. "त्यांना नर्स हवीय. रिनी कुठे हवीय?"

दुसऱ्यांदा ती दिवसभर उन्हात फिरली आणि उपाशी परत आली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "टीचर, आमच्या गावात स्वयंपाक करताना प्रत्येक घरी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. ज्यांच्याकडे कमी आहे, ते पण काढतात. तो गोळा करून मिशनला देतात. त्यातून मला पाठवलं. माझ्या आईने तिची मूठ काढून मला पाठवलं. आणि मी इथे येऊन दुसऱ्यांकडे जेवण मागू?"

मी हे मेट्रनना सांगितलं. "म्हणजे घेणं हिला नवं नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या मुठी घेऊन आलीय. घेतल्या हे फक्त मनाला लागू द्यायचं नाहीये तिला."

तिकडे संस्थेच्या सातपुड्यातल्या दवाखान्याला नर्सवाचून कुलूप होतं. सचिव येऊन बसले. "मेट्रन, बाळंतिणी झोळीतून तालुक्याला न्याव्या लागतात. सगळ्यांत चांगली नर्स आपल्याकडे तयार आहे आणि तुम्ही तिच्याशी भातुकली खेळताय. सही करा."

"आधीच्या दोघी नर्सेस वर्षाच्या आत का परत आल्या?"

सचिवांनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला.

"पगार होता, औषधं होती, जीपसुद्धा दिली होती तुम्ही. दोघींनी मला एकच सांगितलं. संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नाही. तिसरीही परत आली की त्या गावचा आपल्यावरचा विश्वास संपला." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. रिनी तिथे ट्रे घेऊन उभी होती, सगळं ऐकलेलं. मेट्रननी आवाज खाली आणला नाही. "या रविवारी हिच्यासाठी कुणी आलं तर सही करते. नाही आलं तर हिला घरी पाठवा."

मला त्यांचा संताप आला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्या रोज माझ्याकडे पाणी मागत राहिल्या.

रिनी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिसऱ्या खेपेला बाहेर पडली. कुठे जायचं ठरलं नव्हतं. एका कंपनीच्या बसच्या चालकाने 'यायचंय का?' विचारल्यावर ती चढली आणि बस संपली तिथे उतरली. ते हिंजवडी निघालं. सगळीकडे काचेच्या इमारती, प्रत्येक फाटकावर पहारेकरी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नसलेल्या माणसाला कुणी उभंही राहू देईना. चालत चालत ती दोन इमारतींच्या मधल्या एका बंगल्यापाशी आली. मूळचे शेतकरी, जमिनी गेल्या, बंगला आला, अशांचं घर. बंगल्यामागे कळकाचं, म्हणजे बांबूचं, मोठं बेट होतं. पावसाने बुडाशी नवे कोंब फुटलेले. रिनी कुंपणाला धरून ते कोंब बघत उभी राहिली. मिझो लोक कळकाचे कोंब शिजवून खातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "काय बगतीस? जमीन इकायची न्हाय!"

"जमीन नको," रिनी म्हणाली. "तो कोंब पाहिजे."

"कशाला?"

परीक्षेचं सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं, असं ती मागाहून मला म्हणाली. तिला फक्त वास आला. "माझी आई करते त्याची भाजी. आई लांब आहे. मला खूप आठवण येते. कोंब द्या. आणि चूल पण द्या. मला भूक लागलीय."

आक्का, म्हणजे ती म्हातारी, तिच्याकडे बघत राहिली. मग विळा घेऊन उठली. "लई वर्सं झाली," कोंब छाटता छाटता ती म्हणाली, "जमिनीबिगर कुनी काय मागितलं न्हाय माज्याकडं. दारात येतोय त्यो कागद घिऊनच येतोय. चल आत."

दोघींनी मागच्या अंगणातल्या चुलीवर कोंब उकळले, कडू पाणी दोनदा टाकून दिलं. आक्काने त्यात आपला शेंगदाण्याचा ठेचा घातला. रिनी जेवता जेवता रडली. जेवून सवयीने भांडी घासायला उठली तर आक्का खेकसली, "बस गप. माज्या घरात पावनी भांडी घासत न्हाय."

"मग?" ती हे सांगत होती तेव्हा मी विचारलं.

"मग बसले," रिनी म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं.

रविवारी उपासना सुटली. पानं मांडून झाली. सचिव बाकावर बसून घड्याळाकडे पाहत होते. रिनी फाटकापाशी उभी. आमटी निवत होती आणि मेट्रन कुणाला वाढू देत नव्हत्या. मला वाटलं, झालं, संपलं; मिटल्या तोंडाने मी आमच्या गणपतीलाही सांगून बघितलं. मग गल्लीच्या तोंडाशी हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. एक भलीमोठी पांढरी गाडी संस्थेच्या अरुंद गल्लीत अडकली होती. दार उघडून आक्का खाली उतरली, नऊवारी, नाकात नथ, पाठोपाठ दोन सुना आणि भाकऱ्यांचं गाठोडं घेतलेला मुलगा. एका सुनेच्या हातात कळकाच्या कोंबांनी भरलेली पिशवी.

आक्का सरळ मेट्रनसमोर आली. "तुमीच का ती, उपाशी पोरं गावात सोडनारी?"

"मीच," मेट्रन म्हणाल्या.

"बरं करताय." आणि पानावर जाऊन बसली. जेवता जेवता विचारलं, "हिला कुटं धाडताय?"

"सातपुड्यात. दवाखान्यात."

"तितं हिचं कोन हाय?"

"कुणी नाही."

आक्काने भाकरी खाली ठेवली. "आसं कसं कुनी न्हाय? मी यीन की पोचवायला. लेकीला पोचवत्यात का न्हाय?"

मेट्रन सचिवांकडे वळल्या, "पेन द्या हो," म्हणाल्या, पानावरच डाव्या हाताने कागद ओढला आणि सही केली. पेन परत दिलं नाही. रिनी उभ्या जागी इतकी मोठ्याने हसली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सचिवांनी तर दोनदा मठ्ठा मागून घेतला.

आक्का बोलल्याप्रमाणे खरंच गेली. पुढे तिची पांढरी गाडी, मागे संस्थेची जीप, अशी वरात सातपुड्याला पोचली. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने पाड्यावरच्या बायका गोळा केल्या आणि सांगितलं, माजी लेक हाय, हिला सयपाक लई येत न्हाय, नीट बगा. सचिव सोबत गेले होते, त्यांनीच हे सांगितलं. त्यांना वाटलं होतं बायका बिचकतील. बायकांनी विचारलं, मग हिला खायला काय आवडतं?

काही आठवडे गेले. तिथे फोन लागायला टेकडी चढावी लागते, म्हणून रिनीचा फोन येईना. एका संध्याकाळी आला. मेट्रननी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला, आम्ही सगळे भोवती. सचिवांनी औषधं पोचली का विचारलं. पोचली. दवाखाना रोज उघडतो. त्या आठवड्यात दोन बाळंतपणं तिथेच झाली, दोन्ही सुखरूप. सचिव टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात मेट्रन पुढे वाकल्या.

"जेवलीस?"

"आता जेवणार."

"काय केलंयस?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग रिनी म्हणाली, "मेट्रन, मी अजून काहीच केलं नाही. माझी पातेली ट्रंकेतच आहेत. रोज कुणीतरी येतं आणि मला घेऊन जातं." तेवढ्यात लांबून एका बाईची हाक ऐकू आली, मग दुसरीची, जरा चिडलेली. "मेट्रन, ठेवते. वाट बघतायत. मी नाही गेले तर त्या जेवत नाहीत."

आणि फोन बंद झाला.

मेट्रनचा फोन आजवर कुणी मध्येच ठेवला नव्हता. सचिवांनीही नाही, बिशपांनीही नाही. त्या क्षणभर फोनकडे बघत राहिल्या. मग कॅनव्हासचे बूट आपटत व्हरांड्यात गेल्या, तिथून फाटकापर्यंत, आणि आळंदी रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, डोळे पुसत, हसत, समोर दिसेल त्या दूधवाल्याला, भाजीवालीला, सायकलवरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला सांगू लागल्या, "ठेवला! जेवायला बोलावलंय म्हणून माझा फोन ठेवला पोरीने!"